तिसऱ्या खुर्चीचं पाणी

तपासणीच्या दिवशी सकाळी केतकी दुधाळनं सगळ्यात आधी काय केलं, तर आपल्या वडिलांना कवळी काढायला लावली आणि त्यांच्या हिरडीवरून कापसाची काडी फिरवली. थरवाचक यंत्राचा नियमच तसा होता. रोज कामाला लागण्याआधी त्याला एक ओळखीचं तोंड दाखवायचं, आणि त्यानं ते बिनचूक ओळखलं तरच दिवसभराचा निकाल खरा मानायचा. तपासनिसाचं स्वतःचं तोंड चालत नाही, कारण त्याचा हात सगळीकडे लागतो. एरवी ती सांगलीच्या ऑफिसात शिपाईमामांची काडी घ्यायची. आज मुक्काम विट्याला, माहेरी होता, म्हणून अप्पांची पाळी आली; त्यांचा नमुना यंत्रात आधीच नोंदवलेला होता.

अप्पा म्हणजे महादेव दुधाळ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी केरळात गलाईच्या धंद्यात काढली. सोनं आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि त्या तेजाबाचा धूर दिवसभर नाकातोंडात घ्यायचा. त्या धुरानं दात झिजत गेले, आणि गावी परतले तेव्हा तोंडात नाव घ्यावं असे चारपाचच उरले होते. तेही काढून कवळी बसवून दिली ती त्यांच्या बालमित्रानं, डॉ. श्रीरंग तगारेंनी. आणि आज केतकी ज्या दवाखान्याच्या तपासणीला निघाली होती तो नेमका तगारेंचाच होता.

यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. अप्पांनी कवळी परत बसवली आणि मनातलं बोलून टाकलं.

“श्रीरंगानं माझे दात काढले, कवळी बसवली, पैशाचं नाव काढू दिलं न्हाई. वर मला खास ती खिडकीजवळची खुर्ची दिली. म्हणला, म्हादू, इथनं कडुलिंब दिसतोय, तिकडं बघत बस, दुखणार न्हाई. असल्या माणसाची झडती घेणार व्हय तू?”

झडती नाही, तपासणी, असं केतकी म्हणाली. पण तिच्या स्वतःच्या मनालाही ते पटलं नव्हतं. आपले घरोब्याचे संबंध आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा, हे तिनं साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेबांनी उत्तर दिलं होतं की जिल्ह्यात यंत्र एकच आहे, ते चालवणारी बाई एकच आहे, आणि वाचायचं काम यंत्र करणार आहे, त्याला कोण काका आणि कोण मामा.

खरं सांगायचं तर तिला जायचंच होतं. कारण आदल्या दिवशी ती ओवी जावीरच्या घरी जाऊन आली होती.

ओवी दुसरीत शिकणारी. डाव्या गालाला सतत रुमाल धरून बसलेली. उन्हाळ्यात तिचा जबडा सुजला, गोळ्यांनी उतरेना, आणि शेवटी डॉक्टरांना खालच्या हाडाचा एक तुकडाच काढावा लागला. मुलांच्या जबड्यात दुधाच्या दातांखाली पक्के दात आधीच तयार होत असतात, ते त्या हाडाबरोबर गेले. ओवीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की दुधाचे दात पडले की नवे येतात, म्हणून ती केतकीला विचारत होती, माझे कधी येणार. तिची आई साक्षी यंत्रमागावर कामाला होती, ते सोडून आता पोरीसाठी पेज शिजवत घरी बसली होती.

“तुमीच सांगा म्याडम तिला,” साक्षी म्हणाली. “माझं धाडस होत न्हाई.”

केतकीचंही झालं नाही. लवकर येतील असं खोटं बोलून ती बाहेर पडली, आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडत राहिली.

अशी चार मुलं होती. चौघांच्या जबड्यात एकच जंतू सापडला होता, क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एक, साचलेल्या पाण्यात राहणारा. चौघांच्याही किडलेल्या दुधाच्या दातांची आतली पोकळी तगारेंच्या शिबिरात साफ झाली होती. दर वर्षी दिवाळीनंतर तगारे नगरपालिकेच्या शाळेतल्या आणि साखर कारखान्याच्या तळावर उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या मुलांसाठी मोफत शिबिर घ्यायचे. गावात त्याचं फार कौतुक होतं. पण शिबिरात आलेल्या मुलांची नावं दवाखान्याकडे नव्हती. संगणक बदलला त्यात गेली, असं लेखी उत्तर आलं होतं. आणि हा जंतू मोठा सावकाश काम करणारा. दाताच्या पोकळीतून हाडात उतरला की कित्येक महिने गप्प बसतो, मग एकदम गाल सुजतो. गप्प असतानाच धरला तर नुसत्या औषधावर भागतं. सुजल्यावर धरला तर हाड जातं. म्हणजे कुठेतरी आणखी मुलं या घटकेला चिंचा खात, दात विचकत हिंडत होती, त्यांच्या जबड्यात तो बसलेला होता, आणि ती कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या मुलांची नावं मिळवणं हे केतकीचं खरं काम होतं.

नावं मिळण्याची वाट एकच होती, आणि ती खुर्चीच्या नळीतून जात होती.

दात कोरायचं यंत्र तापू नये म्हणून त्याच्या टोकातून सतत पाणी उडत असतं. ते पाणी खुर्चीच्या पोटातून एका बारीक लवचीक नळीनं येतं. दवाखाना बंद असला की पाणी नळीत तसंच उभं राहतं, आणि उभ्या पाण्यात जे व्हायचं ते होतं. पाण्याची बाटली चार दिवस धुतली नाही तर आतून बुळबुळीत लागते ना, तोच प्रकार. जंतू नळीच्या भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर विणतात आणि त्यात घर करतात. नळीत शुद्ध केलेलं पाणी घातलं आणि ती नियमानं धुतली, तर थर नावापुरता राहतो. विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी थेट सोडलं, तर त्यात गाव वसतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. कोरायचं यंत्र थांबतं त्या क्षणी त्याचं टोक किंचित उलटं ओढतं. पेशंटच्या तोंडातला एखादा थेंब नळीत मागे जातो. तसं होऊ नये म्हणून एक झडप असते, पण ती झिजते आणि बदलायचं राहून जातं. त्या थेंबातले जंतूही थरात अडकतात. प्रत्येक तोंडातल्या जंतूंचा मेळ वेगळा असतो, सख्ख्या बहिणींचासुद्धा सारखा नसतो. आजवर हा थर म्हणजे नुसती घाण होती. थरवाचक आला आणि कांद्याचे पापुद्रे सोलावेत तसा तो थर सोलून वाचता येऊ लागला, की आधी कोणतं तोंड, नंतर कोणतं, साधारण केव्हाचं. जंतू मेलेले असले तरी चालतात, कारण त्यांचा आनुवंशिक धागा मागे राहतोच. राज्यभरच्या शाळांतल्या मुलांच्या तोंडाचे ठसे गेली काही वर्षं आरोग्य खात्याकडे जमा होतच होते. नळी मिळाली की नावं मिळाली, इतकी सरळ गोष्ट होती.

फक्त नळी जुनी हवी होती. आणि सरकारचा कायदा असा की तपासणीआधी आठ दिवस दवाखान्याला कळवायचं. चोराच्या घरी आधी निरोप धाडायचा आणि मग झडतीला जायचं, असला हा कारभार. केतकीनं याविरुद्ध वर लिहून पाहिलं होतं. व्यवसायाचा सन्मान राखला पाहिजे, असं उत्तर आलं होतं. ओवीच्या जबड्याचा सन्मान कुणी राखायचा, हे त्यात नव्हतं.

दवाखान्याच्या दारात रांगोळी होती. आत कांदेपोहे, शाल आणि नारळ तयार होता. केतकीनं पोहे खाल्ले, शाल आणि नारळ परत केला. भिंतीवर चकचकीत चौकटीत प्रमाणपत्र लटकत होतं, खात्याच्या कॅमेऱ्यानं वर्षभर पाळत ठेवून दिलेलं, ‘उत्कृष्ट’. कॅमेरा हात धुतलेले मोजायचा, हातमोजे मोजायचा. नळीच्या आत त्याला दिसत नव्हतं, आणि तिथे काही असेल असं ते प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या मनातही आलं नव्हतं.

श्रीरंगकाकांनी नेहमीसारखं डोक्यावर हात ठेवून तिचं स्वागत केलं. तिला अवघडल्यासारखं झालं. दहावीच्या सुट्टीत ती याच दवाखान्यात येऊन बसायची. काका तिला तोंडात धरायचा छोटा आरसा हातात द्यायचे, किडलेला दात कुठला ते ओळखायला लावायचे. जे पाणी आपण स्वतः तोंडात घेणार नाही ते पेशंटच्या तोंडात सोडायचं नाही, हे तिनं कॉलेजात जायच्या आधी इथे ऐकलं होतं. ती दातांची डॉक्टर झाली ती या माणसामुळे. पुढे खुर्ची सोडून तपासनीस झाली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, एकट्या काकांनी पाठीवर थाप मारली होती.

दवाखान्यात तीन खुर्च्या होत्या. पहिल्या दोन काचेच्या थंड खोल्यांमध्ये, नव्या कोऱ्या. तिसरी मागच्या बाजूला, जुनी, हाताच्या टेकणीचं रेग्झिन फाटलेलं. ही शिबिराची आणि धर्मादाय कामाची खुर्ची, असं काकांनीच अभिमानानं सांगितलं. तिच्या शेजारी मोठी खिडकी होती आणि खिडकीबाहेर कडुलिंब. अप्पा म्हणत होते ती खिडकी हीच, एवढं केतकीच्या मनात येऊन गेलं, आणि ती कामाला लागली.

तिन्ही खुर्च्यांच्या नळ्या आरपार स्वच्छ होत्या. यंत्रानं तिन्हींचं उत्तर एकच दिलं, थर नाही. थर नसणं म्हणजे चांगली नळी नव्हे, थर नसणं म्हणजे कालपरवा बसवलेली नळी. हत्तीचे दाखवायचे दात आपल्याला दाखवताहेत, हे तिला कळून चुकलं. तिनं तिसऱ्या खुर्चीखाली वाकून पाहिलं. शुद्ध पाण्याची बाटली तिथे होती, पण ती अडकवायच्या स्क्रूची भोकं ताजी होती, त्यांच्याभोवती लोखंडाचा भुगा पडलेला होता. भिंतीतून आलेल्या एका पाइपाच्या तोंडावर टोपण बसवलेलं होतं आणि टोपणाभोवतीचं सिमेंट अजून काळपट ओलं होतं. हा पाइप गच्चीवरच्या टाकीतून येत होता, आणि टाकी बोअरच्या पाण्याची.

हे कनेक्शन कधी बंद केलं, असं तिनं विचारलं. झालं असेल वर्षभर, असं काका म्हणाले. सिमेंट वर्षभर वाळत नाही का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि जुन्या नळ्या कुठे आहेत असं विचारलं.

“भंगारात गेल्या,” काका म्हणाले. “नळ्या काय कुणी जपून ठेवतं?” आणि पेशंट खोळंबलेत म्हणत ते पहिल्या खुर्चीकडे वळले.

म्हणजे संपलं. तिन्ही खुर्च्या स्वच्छ, प्रमाणपत्र उत्कृष्ट, आणि ती मुलं आपापल्या घरी गाल सुजायची वाट बघणार. केतकी यंत्राची पेटी बंद करत होती तेवढ्यात काकांच्या पत्नी शुभदाकाकू जिन्यावरून खाली आल्या. दवाखान्याच्या वरच घर होतं. इतक्या वर्षांनी आलीस आणि वर पाऊल न टाकता जाणार काय, असं म्हणून त्यांनी तिचा हातच धरला. चहा होईपर्यंत बाग बघ म्हणून गच्चीवर नेलं.

बाग खरोखर देखणी होती. मोगरा, जास्वंद, ड्रममध्ये लावलेला कढीपत्ता. काकू कौतुकानं एकेक कुंडी दाखवत होत्या. मग वाकून त्यांनी कुंड्यांमधून फिरणाऱ्या बारीक नळीवर बोट ठेवलं.

“आणि हे ठिबक बघ. गेल्या आठवड्यात यांनी स्वतः बसून जोडलं. खालच्या खुर्च्यांच्या नळ्या बदलल्या ना, त्या टाकवेनात. तुला ठाऊकच आहे यांचा स्वभाव, दोऱ्याचा तुकडासुद्धा फेकू देत नाहीत. या निळ्या नळ्या पुढच्या दोन खुर्च्यांच्या, त्या मोगऱ्याला. आणि ही करडी शिबिरवालीची, ती पुरली कढीपत्त्याला.”

केतकी कढीपत्त्याच्या ड्रमपाशी उकिडवी बसली. फोडणीची उरलेली मिरची वाटीत झाकून ठेवणारी माणसं आपली. जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. बाहेर भंगार म्हणून सांगितलं आणि घरात जपून वापरलं. या काटकसरीनं आजवर किती संसार तारले असतील, पण असं कुणाला तोंडघशी पाडल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. काकूंना फसवून काही करायचं नाही म्हणून ती सरळ म्हणाली, काकू, मला या नळ्यांचे तुकडे लागणार आहेत, तपासणीसाठी. काकूंना त्यात गैर काही वाटलं नाही. त्यांनीच कात्री आणून दिली.

निळ्या नळीचं उत्तर लगेच आलं. थर पातळ, त्यावर बागेच्या पाण्याचा ताजा पापुद्रा, घातक काही नाही. करड्या नळीला यंत्रानं बराच वेळ घेतला. मग पडद्यावर एकेक पापुद्रा उलगडत गेला. लहान मुलांची तोंडं, एकावर एक, दिवाळीनंतरच्या दिवसांतली, आणि त्यांच्यामधून सर्वत्र पसरलेला तो गप्प बसणारा जंतू. आणि त्यांच्याही खाली, दोन वर्षांपूर्वीच्या पापुद्र्यात, एक प्रौढ तोंड. त्याच्यासमोर यंत्रानं लिहिलं होतं, सकाळचा ओळखीचा नमुना, जुळतो.

आपल्याच हातून काही लागलं असणार, असं वाटून तिनं पातं बदललं, हातमोजे बदलले, नळीचा दुसरा तुकडा घेतला. पुन्हा तेच आलं. तिला अप्पांची खिडकी आठवली, अप्पांचा कडुलिंब आठवला.

जिन्यात पावलं वाजली. काका वर आले, त्यांनी तिच्या हातातलं पातं पाहिलं, कापलेली नळी पाहिली, आणि हसायचा प्रयत्न केला.

“अगं, त्या ब्लीचिंगनं धुऊन घेतल्यात मी. त्यात जिवंत काही मिळायचं नाही तुला.”

“जिवंत नाहीच, काका. आता मेलेलेही वाचता येतात.”

काका कुंडीच्या कडेवर बसले. मग समजावल्यासारखं बोलायला लागले. शिबिराच्या दिवशी मुलांची रांग रस्त्यापर्यंत जाते, बाटली सारखी बदलावी लागते, नळ्या धुवायला थांबावं लागतं, एवढी सवड कुठली. बोअरचं पाणी गावात सगळे पितातच. चार पोरांचं नशीब वाईट निघालं. बाकीच्या पोरांचे दात वाचलेच ना. आणि मी हे फुकट करत होतो, मी केलं नसतं तर त्यांना विचारणारं कोण होतं, असं त्यांनी शेवटी विचारलं.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काकांशी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलली नव्हती, आजही तिनं आवाज चढवला नाही.

“तुम्हाला ठाऊक नसतं, काका, तर तिन्ही नळ्यांत सारखीच घाण मिळाली असती. पैसेवाल्यांच्या नळ्या तुम्ही स्वच्छ ठेवल्यात. म्हणजे काय करायला हवं ते तुम्हाला रोज ठाऊक होतं.”

 शुभदाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला, नळापाशी गेल्या आणि बागेचं पाणी बंद केलं.

दुपारी आरोग्य खात्याकडून मुलांची नावं आली. शाळेतली होती, आणि ज्यांच्या टोळ्या ऊसतोड संपवून केव्हाच बीडकडे परत गेल्या होत्या त्यांचीही होती. आशाताईंना फोन गेले, बीडला निरोप गेले. एवढं सुरळीत झालं. मग साहेबांचा फोन आला. नमुना खुर्चीचा नाही, बागेतला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुलांना औषध जरूर द्या, पण दवाखान्याबद्दल लिहिताना हात आखडता घ्या, प्रतिष्ठित माणूस आहे, उद्या कोर्टात आपलंच हसं व्हायचं. केतकीनं फोन ठेवला. खुर्चीतली नळी पुरावा, आणि तीच नळी कुंडीत गेली की कचरा. मुलांच्या हाडात मात्र तिच्यातला जंतू पोचला तो पोचलाच.

अप्पांना सांगणं तिला सगळ्यात अवघड गेलं. पण त्यांचे दात ज्या खुर्चीवर काढले तिच्याच नळीचं पाणी त्यांच्या जखमांवर पडलं होतं, तेव्हा त्यांनाही तपासून घेणं भाग होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. नळी, थर, जंतू, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले की खिडकीची खुर्ची म्हणजे तीच का. केतकी हो म्हणाली. मग ते उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, टीव्ही न लावता.

दिवेलागणीला श्रीरंगकाका घरी आले. एकटेच, चालत. अप्पांनी त्यांना नेहमीच्या जागेवर बसवलं आणि केतकीला चहा ठेवायला सांगितलं. स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू येत होतं. काका बोलत राहिले. मुलांच्या औषधपाण्याचा भार ते उचलणार होते, ओवीच्या पुढच्या सगळ्या ऑपरेशनांचाही. तिसरी खुर्ची भंगारात काढणार होते. फक्त तगारेंचं नाव कुठे येऊ नये. मुलं वाचणारच आहेत, मग एका म्हाताऱ्याची आयुष्यभराची अब्रू घालवून मिळणार काय. म्हादू, तू तिला सांग, तुझं ती ऐकेल.

केतकी चहा घेऊन बाहेर आली.  मुलं वाचणार होती हे खोटं नव्हतं. पण दवाखान्यादवाखान्यांतून मागच्या खोल्यांत ठेवलेल्या अशा तिसऱ्या खुर्च्या आणखी कितीतरी असतील, आणि नाव झाकलं तर त्या तशाच राहतील, हेही खोटं नव्हतं. आणि समोर बसलेला माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवणारा होता.

अप्पांनी कप उचलला नाही.

“श्रीरंगा, एक विचारतो. मला ती खिडकीजवळची खुर्ची का दिलीस?”

काकांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांना कितपत ठाऊक आहे याचा अंदाज घेतल्यासारखं. मग अगदी मायेनं म्हणाले, “तिथनं कडुलिंब दिसतो, म्हादू. तुला झाडं बघायला आवडतात म्हणून.”

अप्पांनी मान हलवली. आयुष्यभर सोनं आटवलेला माणूस, कस लावल्यावर काय दिसलं ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

“ओवीलापण तिथनं कडुलिंबच दिसत आसंल,” ते म्हणाले. “चहा घे आणि घरी जा. शुभदावैनी वाट बघत आसतील.”

काका चहा न घेताच गेले. चप्पल घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला, आणि सवयीनं आधार द्यायला पुढे झालेले अप्पा अर्ध्यात थांबले. दार लावून ते आत आले. केतकीनं काही विचारलं नव्हतं तरी त्यांनी उत्तर दिलं.

“नाव लिही. आणि बागंतली नळी हाय म्हणून कोण हसलं, तर म्हणावं नळीत ज्याचं तोंड घावलं त्यो माणूस आणून उभा करते. त्यो काय बागंतला न्हाई.”

तिनं लिहिलं. डॉक्टरांचं नाव, दवाखान्याचं नाव, तिन्ही खुर्च्यांचं पाणी, आणि आठ दिवस आधी कळवल्यामुळे काय काय घडलं तेही. साहेबांना पाठवण्याआधी तिनं ते शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि मुलांच्या पालकांना पाठवलं, म्हणजे कुणाच्या टेबलावर ते दाबून ठेवता येऊ नये. नोकरीवर गदा येईल हे तिला दिसत होतं. येऊ दे, असं ती स्वतःशी म्हणाली.

शाळेत तपासणी सुरू झाली त्या सकाळी वऱ्हांड्यात मुलांची रांग लागली होती. आया सोबत होत्या, काही रडून आलेल्या, काही भांडायच्या तयारीनं आलेल्या. साक्षी जावीर ओवीला घेऊन आली होती. ओवीचं नाव यादीत असायचं कारण नव्हतं, पण साक्षी रांगेतल्या एकेका बाईला धरून सांगत होती की अजून सूज नाही ना, मग भिऊ नका, औषधावर निभावतं, आम्हालाच उशीर झाला. ओवी रुमाल धरून बाकावर बसली होती आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाकडे डोळे मोठे करून बघत होती.

अप्पा सकाळीच आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले. कवळी त्यांनी घरी ठेवली होती, त्यामुळे गाल आत गेलेले दिसत होते. केतकीनं त्यांना म्हटलं होतं की तुम्हाला मी घरीच तपासते. ते ऐकले नाहीत. पहिली-दुसरीच्या पोरांच्या रांगेत त्या ठेंगण्या बाकावर गुडघे वर काढून ते बसले. गावातले ओळखीचे लोक वळून वळून बघत होते, आणि ज्यांच्यापुढे ते इतकी वर्षं श्रीरंगाची तारीफ करत आले होते त्यांतले बरेच जण तिथे होते.

नर्सबाई यादी घेऊन रांगेतून फिरत होत्या. अप्पांपाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, “आजोबा, तुम्ही कुणाला घेऊन आलाय?”

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कुणाला न्हाई,” ते म्हणाले. “मीपण तिसऱ्या खुर्चीचाच.”

ओवी सरकली, आणि तिनं त्यांना बाकावर आणखी थोडी जागा करून दिली.